विकल्पपत्र भरण्यापूर्वी: केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक लाभांविषयी

केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झालेल्या माणसाच्या पगारातून काही कपाती त्याला न विचारता सुरू होतात आणि काही लाभ त्याने अर्ज केल्याशिवाय कधीच सुरू होत नाहीत. समूह विम्याची वर्गणी, निवृत्तिवेतनासाठीचे अंशदान, आयकर या पहिल्या प्रकारच्या गोष्टींबद्दल कुरकुर करता येते, पण निवड करता येत नाही. या लेखात दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील टपाल, आयकर, सीमाशुल्क, लेखापरीक्षा आणि संरक्षण आस्थापनांत काम करणारे अनेक मराठी कर्मचारी वर्षानुवर्षे आस्थापना शाखेने पाठवलेल्या परिपत्रकावर सही करून ते पुढच्या टेबलावर सरकवतात आणि त्या परिपत्रकात मागितलेला विकल्प आपण दिलाच नव्हता, हे त्यांना निवृत्तीच्या आसपास कळते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे तसे सांगितले आहे. रकमा सातव्या वेतन आयोगाच्या चौकटीतील आहेत.

कोणताही ऐच्छिक लाभ समोर आला की बहुतेक जण पहिल्यांदा रक्कम विचारतात. माझ्या मते रक्कम नंतर पाहावी. आधी दोन प्रश्न विचारावेत: मी काहीच कळवले नाही तर काय गृहीत धरले जाईल, आणि आज दिलेला विकल्प उद्या मागे घेता येईल का? ज्या लाभात गप्प राहिल्याने एका वर्षाचे नुकसान होते त्यावर दहा मिनिटे खर्च करावीत. जेथे एकदा सही केल्यावर परतीचा रस्ता नाही तेथे चार संध्याकाळी गेल्या तरी त्या वाया गेल्या असे समजू नये. प्रत्यक्षात याच्या उलट घडते. प्रवास सवलतीच्या हिशेबावर कार्यालयात तासन्‌तास चर्चा होते आणि निवृत्तिवेतनाचा विकल्प शेजारच्याने काय भरले ते पाहून भरला जातो.

मागितल्याशिवाय न मिळणारे

बालशिक्षण भत्ता हा यातील सर्वांत सोपा आणि तरीही सर्वाधिक राहून जाणारा लाभ आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून त्याचा दर प्रत्येक मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे झाला आहे, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये. तो हयात असलेल्या पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळतो आणि दुसऱ्या खेपेला जुळी मुले झाली असतील तर त्यांनाही धरले जाते. दिव्यांग मुलासाठी हा दर दुप्पट आहे. पूर्वी वह्या, गणवेश आणि शुल्क यांच्या पावत्यांचा गठ्ठा जोडावा लागे. आता आदल्या शैक्षणिक वर्षात मूल त्या शाळेत शिकत होते, असे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र पुरते आणि प्रत्यक्ष खर्च कमी झाला असला तरी ठरलेली रक्कम पूर्ण मिळते. मूल घरापासून किमान ५० किलोमीटर दूर वसतिगृहात राहत असेल तर वसतिगृह अनुदान, दरमहा ८,४३७ रुपये ५० पैशांच्या मर्यादेत, वेगळे मागता येते. दावा वर्षातून एकदाच, शैक्षणिक वर्ष संपल्यावर करायचा असतो. पती-पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील तर एकानेच तो करायचा आणि दुसऱ्याने केलेला नाही असे लिहून द्यायचे. एक जण केंद्राच्या कार्यालयात आणि दुसरा राज्याच्या सेवेत, अशी जोडपी आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी हे हमीपत्र सवयीने सही करून टाकू नये, आधी घरात विचारून घ्यावे.

रजा प्रवास सवलतीला दुसरी अडचण आहे. तिचे नियम ऐकीव माहितीवर चालतात. सेवेच्या पहिल्या आठ वर्षांत चार वर्षांच्या प्रत्येक गटात तीन वेळा स्वग्रामी आणि एकदा भारतात कोठेही जाता येते. त्यानंतर दर दोन वर्षांनी स्वग्राम, आणि चार वर्षांतील त्या दोन फेऱ्यांपैकी एकीच्या ऐवजी भारतात कोठेही. सध्याचा गट २०२६ ते २०२९ असा आहे. २०२२ ते २०२५ या गटातील न वापरलेली सवलत २०२६ संपेपर्यंत वापरता येते. स्वग्राम कोणते, हे सेवापुस्तकात नोंदलेले असते आणि ते साऱ्या सेवाकाळात एकदाच बदलता येते, म्हणून लग्नानंतर किंवा गावचे घर विकल्यानंतर घाईने बदलाचा अर्ज करू नये.

परतफेड फक्त प्रवासभाड्याची होते. हॉटेल, जेवण, स्थलदर्शन यांतले काही मिळत नाही. मुंबईत नोकरी करणारा आणि मालवण तालुक्यात स्वग्राम असलेला कर्मचारी गणपतीत भाड्याची गाडी करून कुटुंबाला घेऊन गेला, तर रेल्वे आणि एसटीची सोय असलेल्या त्या मार्गावर त्याला सर्वसाधारणपणे एक रुपयाही मिळणार नाही. तोच प्रवास कुडाळपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने केला तर मिळेल. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट सरकारने ठरवलेल्या संस्थांकडूनच काढावे, म्हणजे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. नेहमीच्या मोबाइल ॲपवर तेच तिकीट स्वस्त दिसले तरी त्या मोहात पडू नये, कारण दावा नामंजूर होण्याचे ते नेहमीचे कारण आहे. अंदाजित भाड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम घेता येते. ती घेतली असेल तर परत आल्यावर एका महिन्यात आणि घेतली नसेल तर तीन महिन्यांत देयक सादर करावे.

या सवलतीबरोबर येणारे अर्जित रजेचे रोखीकरण अनेकांच्या नजरेतून सुटते. प्रत्येक वेळी दहा दिवसांपर्यंत आणि साऱ्या सेवेत मिळून साठ दिवसांपर्यंत रजा रोखीने घेता येते. त्यानंतर किमान ३० दिवसांची अर्जित रजा शिल्लक राहिली पाहिजे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७५,००० रुपये असतील तर दहा दिवसांचे २५,००० रुपये होतात. सेवेत असताना घेतलेली ही रक्कम करपात्र आहे. निवृत्तीच्या वेळचे रोखीकरण सरकारी कर्मचाऱ्याला करमुक्त असते. म्हणून काही जण म्हणतात की रजा शेवटपर्यंत साठवावी. तो हिशेब अर्धवट आहे. हे साठ दिवस निवृत्तीच्या वेळच्या ३०० दिवसांच्या मर्यादेतून वजा होत नाहीत आणि ३०० च्या वर साठलेल्या रजेचे निवृत्तीच्या दिवशी काहीच मिळत नाही.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन अशा दोन प्रकारे ही सवलत मिळते. तिचे नियम स्वतंत्र शासन निर्णयांत आहेत आणि वरील तपशील त्यांना लागू करू नयेत.

पगारातून आपण होऊन भरायचे

टपाल जीवन विमा १८८४ मध्ये टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाला आणि आज बहुतेक सर्व सरकारी कर्मचाऱ्यांना खुला आहे. १९ ते ५५ या वयात तो घेता येतो आणि विमा रक्कम ५० लाखांपर्यंत असू शकते. आजीवन विम्याच्या योजनेला सुरक्षा आणि ठरावीक मुदतीच्या योजनेला संतोष असे नाव आहे. एजंट किंवा सहकारी सांगतात की संतोषमध्ये दर हजारी ५२ रुपये बोनस मिळतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच ५.२ टक्के व्याज असे बसते. हा बोनस भरलेल्या हप्त्यांवर लागत नाही. तो विमा रकमेवर मोजला जातो, त्यावर पुन्हा बोनस चढत नाही आणि तो मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर हाती येतो. त्यामुळे परताव्याचा खरा अंदाज हवा असेल तर एकूण भरायचे हप्ते आणि मुदतीअखेर मिळणारी रक्कम कागदावर शेजारी शेजारी मांडावी. शिवाय पाच वर्षांच्या आत विमा बंद केला तर बोनस मिळत नाही.

माझे मत असे की शिस्तीची बचत म्हणून ही योजना वाईट नाही, पण कुटुंबाचे संरक्षण म्हणून ती बहुधा अपुरी पडते. चाळीस लाखांचे गृहकर्ज असलेल्या माणसाने दहा लाखांची संतोष पॉलिसी घेऊन निश्चिंत राहणे योग्य नाही. निव्वळ जोखमीचा मुदत विमा त्याने वेगळा पाहावा. हप्ता पगारातून कापला जातो ही या योजनेची सोय आहे आणि तोच तिचा कच्चा दुवाही आहे. बदली झाली की नव्या कार्यालयात कपात सुरू करायची राहून जाते आणि कर्मचाऱ्याला वाटते की ती चालूच आहे. पहिल्या तीन वर्षांत सहा हप्ते थकले तर पॉलिसी खंडित होते, तीन वर्षांनंतर बारा थकले तर. बदलीनंतरच्या पहिल्या दोन पगारपत्रकांवर ही कपात आहे की नाही, हे बोट ठेवून पाहावे.

२००४ पूर्वी सेवेत आलेल्यांना सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीत किमान सहा टक्क्यांच्या वर आपखुशीने भरता येते. एप्रिल २०२० पासून त्याचा व्याजदर ७.१ टक्के राहिला आहे आणि २०२२ पासून एका आर्थिक वर्षात एकूण पाच लाखांची मर्यादा आहे. निवृत्ती जवळ आलेल्या, जोखीम नको असलेल्या माणसाला यापेक्षा सोपी जागा मिळणे कठीण.

नंतर आलेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत निधी व्यवस्थापक आणि गुंतवणुकीचा साचा निवडण्याची मुभा आहे. काही न निवडल्यास पैसे सार्वजनिक क्षेत्रातील तीन निधी व्यवस्थापकांत ठरलेल्या प्रमाणात वाटले जातात आणि शेअर्सचा वाटा मर्यादित राहतो. पंचविशीत रुजू झालेल्या आणि पस्तीस वर्षे पैसे न काढणाऱ्या माणसासाठी हा साचा फार सावध आहे, असे मला वाटते. वयानुसार शेअर्सचा वाटा आपोआप कमी होत जाणारे पर्याय त्याने निदान वाचून पाहावेत. साचा पुढेही बदलता येतो, म्हणून येथे चुकण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. फक्त पुढे सांगितलेली एक अट लक्षात ठेवावी.

टपाल विमा आणि निवृत्तिवेतन खाते या दोन्ही प्रकारांत मार्च महिन्यात कर वाचवण्यासाठी पैसे भरण्याची जुनी सवय आहे. नवी करप्रणाली घेतली असेल तर टपाल विम्याच्या हप्त्यावर किंवा निवृत्तिवेतन खात्यात आपण होऊन भरलेल्या जादा ५०,००० रुपयांवर वजावट मिळत नाही. सरकारने भरलेल्या अंशदानावरील वजावट मात्र मिळते. नवी प्रणाली आता आपोआप गृहीत धरली जाते. म्हणून आधी कोणत्या प्रणालीत कर कापला जात आहे ते पाहावे आणि मगच धनादेश फाडावा.

परतीचा रस्ता नसलेले

एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना लागू झाली. तोवर सेवेत असलेल्यांसाठी विकल्पाची मुदत दोनदा वाढून ३० नोव्हेंबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर रुजू होणाऱ्याने ३० दिवसांत विकल्प द्यायचा असतो. तो न दिल्यास राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना गृहीत धरली जाते. रुजू होण्याच्या गडबडीत, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणीच्या कागदांमध्ये हे तीस दिवस सहज निघून जातात.

या योजनेत २५ वर्षांची पात्र सेवा झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा मिळण्याची हमी आहे, आणि तिच्यावर महागाई दिलासा मिळतो. सरासरी मूळ वेतन ८०,००० असेल तर ४०,००० रुपये. सेवा २० वर्षांची असेल तर त्याच प्रमाणात ३२,०००. दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपयांची हमी आहे. शिवाय प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेमागे वेतन आणि महागाई भत्त्याच्या एक दशांश रक्कम एकदाच मिळते: दोन्ही मिळून १,२०,००० रुपये असतील आणि सेवा २५ वर्षांची असेल तर सहा लाख. आपल्या खात्यातील निधीपैकी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम निवृत्तीच्या वेळी काढता येते, पण तेवढ्याच प्रमाणात मासिक रक्कम घटते. ४०,००० चे तेव्हा १६,००० होतात. ‘साठ टक्के हातात आणि निम्मा पगार घरात’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

पूर्ण हमी मिळण्यासाठी आपला निधी सरकारच्या ठरावीक साच्यात गुंतवला असता तर जेवढा झाला असता, तेवढा तरी असावा लागतो. आपण वेगळा साचा निवडला आणि तो कमी पडला तर तूट भरावी लागते, नाहीतर मासिक रक्कम त्या प्रमाणात कमी होते; जास्त झाला तर वरची रक्कम परत मिळते. वर म्हटलेली अट ती हीच. मधे काढलेले आणि परत न भरलेले पैसेही येथे आडवे येतात.

आता कुटुंबाकडे पाहावे, कारण निर्णय खरा तेथे फिरतो. निवृत्त कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मासिक रकमेच्या ६० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात २४,००० रुपये, पती किंवा पत्नीला मिळतात. निवृत्तीच्या दिवशी जो जोडीदार कायदेशीररीत्या विवाहित होता, त्यालाच. दोघांच्या पश्चात निधी मुलांकडे येत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत किमान ४० टक्के रकमेचे वार्षिकी वेतन, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन मिळणारे नियमित उत्पन्न, घ्यावे लागते आणि त्याची रक्कम बाजाराच्या दरावर ठरते, महागाई दिलासा नसतो. परंतु मूळ रक्कम परत करणारी वार्षिकी निवडल्यास ती अखेर वारसांना मिळते. ज्याच्यामागे जोडीदार नाही, पण आयुष्यभर सांभाळावे लागेल असे अपत्य आहे, त्याने या एका कलमावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेण्याचा विचार असणाऱ्यानेही थांबून वाचावे: एकीकृत योजनेत त्याची मासिक रक्कम लगेच सुरू होत नाही, नियत वयोमानाने तो ज्या दिवशी निवृत्त झाला असता त्या दिवसापासून ती सुरू होते. राजीनामा दिला तर हमी उरत नाही.

एकीकृत योजनेतून मागे फिरण्याची एक संधी ठेवली आहे. निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी, किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिने आधी, ती वापरता येते आणि एकदाच. राज्य शासनानेही २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सुधारित योजनेचा निर्णय घेतला, पण तिच्या अटी केंद्राच्या अटींशी ताडून न पाहता केंद्राच्या कर्मचाऱ्याचा सल्ला राज्याच्या कर्मचाऱ्याने घेऊ नये.

जुन्या निवृत्तिवेतनाच्या, म्हणजे २००४ पूर्वी सेवेत आलेल्या, लोकांसमोर याच तोडीचा प्रश्न अंशराशीकरणाचा असतो. निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी गुणक ८.१९४ आहे. मूळ निवृत्तिवेतन ४०,००० असेल तर १६,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ म्हणजे १५,७३,२४८ रुपये करमुक्त मिळतात आणि पुढची १५ वर्षे दरमहा १६,००० कमी येतात. एकूण सोडलेली रक्कम २८,८०,००० होते. हा आकडा पाहून अनेक जण घाबरतात आणि अर्जच करत नाहीत. कर्ज म्हणून पाहिले तर हा व्यवहार साधारण ९ टक्के व्याजाचा आहे, म्हणजे काही स्वस्त नाही. परंतु सोडलेले १६,००० करपात्र होते, महागाई दिलासा मूळच्या पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत राहतो आणि निवृत्त कर्मचारी मधेच वारला तर कुटुंब निवृत्तिवेतनातून उरलेली वसुली होत नाही. मुलीचे लग्न किंवा घराचे कर्ज समोर असेल, अथवा प्रकृती बेताची असेल तर विकल्प घ्यावा. पैसे नुसते बचत खात्यात पडून राहणार असतील तर घेऊ नये. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. १५ वर्षे पुरी झाल्यावर पूर्ण रक्कम पुन्हा सुरू झाली की नाही, हे बँकेच्या पासबुकात पाहावे.

निवृत्तीनंतरच्या आरोग्य सेवेचा विकल्प राहण्याच्या जागेवर ठरतो. केंद्रीय आरोग्य योजनेचे दवाखाने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत आहेत. वेतनस्तर ७ ते ११ मधून निवृत्त होणाऱ्याला दरमहा ६५० प्रमाणे १२० महिन्यांचे, म्हणजे ७८,००० रुपये एकदम भरून आजीवन कार्ड मिळते. योजनेच्या क्षेत्राबाहेर, समजा पाटण किंवा देवगडला, स्थायिक होणाऱ्याला त्याऐवजी दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेता येतो. बाह्यरुग्ण उपचारासाठी भत्ता आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी कार्ड, अशी सांगडही घालता येते. गावी राहणाऱ्यांनी हाच मार्ग प्रथम तपासावा.

कागद जागेवर ठेवणे

भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), समूह विमा, निवृत्तिवेतन खाते आणि टपाल विमा यांचे नामनिर्देशन वेगवेगळे पाहावे लागते. अविवाहित असताना भविष्य निर्वाह निधीसाठी आईचे किंवा भावाचे नाव दिले असेल तर लग्न होताच ते नामनिर्देशन निरर्थक ठरते. बाकीच्या कागदांवर मात्र जुनेच नाव राहिलेले असते आणि मग एकाच घरातल्या दोन व्यक्ती एकाच कार्यालयाच्या दोन खिडक्यांसमोर उभ्या राहतात.

विकल्पपत्र दोन प्रतींत द्यावे आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व दिनांकासह पोच घ्यावी. ऑनलाइन दिले असेल तर पावतीची प्रत काढून ठेवावी. नंतर सेवापुस्तक मागून घेऊन त्यात ती नोंद आली आहे का आणि तिच्याखाली सक्षम अधिकाऱ्याची सही आहे का, ते स्वतः पाहावे. वर्षातून एकदा सेवापुस्तक पाहण्याचा कर्मचाऱ्याला अधिकार आहे. नोंद नसेल तर पोच जोडून अर्ज द्यावा आणि त्या अर्जाचीही पोच घ्यावी.